नाही म्हणायची जागा

माझ्या बाबांना अंगठ्याचा राग होता. राग म्हणजे असा, की कोणी शाई लागलेला अंगठा घेऊन घरात आलं, तर तो घासून धुतल्याशिवाय बाबा त्याच्याशी बोलायचे नाहीत. माजरीच्या कोळसा खाणीत कामाला लागले तेव्हा त्यांना सही येत नव्हती. हजेरीचा बाबू त्यांचा अंगठा आपल्या हातानं धरायचा, पॅडवर दाबायचा, कागदावर टेकवायचा आणि मग तोच हात स्वतःच्या पँटला पुसायचा. "शाई पुसत नव्हता तो, मले पुसत होता," असं बाबा सांगायचे.

मी दुसरीत असताना त्यांनी माझी पाटी मागून घेतली आणि महिनाभरात स्वतःचं नाव लिहायला शिकले. आमचं घर छप्पन सालापासून बौद्ध. शिकायचं असतं हे आमच्याकडे कोणी समजावून सांगत बसत नसे, भाजीत मीठ घालायचं असतं तितकं ते साधं होतं. सही आल्यावर बाबांनी पुन्हा कधी अंगठा दिला नाही. कोणी मागितली नाही तरी सही करायचे. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर तर एकदा चार ठिकाणी केली होती, आणि मास्तरांनी मलाच दटावलं.

मीही आयुष्यात कुठं अंगठा दिला नव्हता. आणि मग एका दुपारी बसल्या बैठकीला सदतीस दिले. सगळे खोटे. आता ते सांगून टाकते, कारण सांगितल्याशिवाय ते माझ्या हातावरून जाणार नाहीत.

गडचिरोली नुकताच चंद्रपूरपासून वेगळा जिल्हा झाला होता. कोणाचं माहेर कुठल्या जिल्ह्यात गेलं यावरून एसटीत भांडणं व्हायची. मी नर्सबाईचा कोर्स करून सरकारी ऑर्डरची वाट बघत घरी बसले होते. त्या वेळी एका मोठ्या शहरातून डॉक्टरांचं पथक आलं. त्यांना हिवतापाचा अभ्यास करायचा होता. आमच्या भागात हिवताप हा काही आजार नव्हता, तो पाहुणा होता. धान कापायला आलं की यायचा, घरातल्या दोघातिघांना पाडायचा आणि जाताना कधी एखाद्याला घेऊन जायचा. पथकाला एक नवी गोळी चांगल्या धडधाकट माणसांना देऊन बघायची होती, तिनं ताप अडतो का म्हणून. गावागावांत फिरायला इथलं बोलणारी मुलगी हवी होती. ती मी.

पथकाचे मोठे डॉक्टर माणूस म्हणून वाईट नव्हते. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचा माझा राग वाचून तुमचा गैरसमज व्हायचा. आमच्याबरोबर झुणका-भाकर खायचे, चिखलात जीप ढकलायचे. पण घाई! सदा न कदा घाई. माझ्या हातात त्यांनी कागदांचा गठ्ठा दिला. पहिल्या पानावर नाव, वय, मुलं किती, गरोदर आहे का, असे प्रश्न. दुसऱ्या पानावर 'मला सदर संशोधनाची संपूर्ण माहिती देण्यात आली असून मी स्वखुशीने सहभागी होत आहे,' आणि त्याखाली अंगठ्यासाठी एक चौकोन.

"साहेब, हे लोकांना कळणार नाही," मी म्हटलं.

"मग तू सांग समजावून. आणि लवकर आटप. आपल्याला अजून अकरा गावं आहेत."

ते गाव गोंडपिपरीहून आत होतं. एसटीनं फाट्यापर्यंत जायचं आणि पुढं सागवानातून दीड तास पायी. गावानं मला काय जीव लावला म्हणून सांगू! ज्या घरी जावं तिथं आधी पाट मांडला जायचा, मग पाण्याचा गडू. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा होता. म्हाताऱ्या हसत हसत बोट पुढं करायच्या. एकीनं तर दोन बोटं पुढं केली, एक तिचं आणि एक जावयाच्या वाटचं, कारण जावई वावरात गेला होता. रक्ताला कोणाची ना नव्हती. पण कागद पुढं सरकवला आणि शाईची डबी उघडली की हात झटकन मागं.

शेवटी गावच्या पाटलांनी मला ओट्यावर बसवलं. पिकल्या मिशांचा, हळू बोलणारा माणूस.

"बाई, माह्या बापाच्या काळात एक बाबू आला होता. विहीर देतो म्हणे. साऱ्या गावानं अंगठे देले. विहीर त आलीच नाई, पण आमचं चराईचं रान गेलं. कुंपण पडलं तिथी. कागद दाखवला आमाले, तुमीच त देलं म्हणे. तवापासून या गावचा अंगठा कागदावर जात नाई. तू रक्त घे, जेवून जा, राह्य आमच्याकडं. अंगठा मागू नोको."

"पण पाटीलभाऊ, मी काय तुमचं रान नेऊन राह्यली का? हे तापाचं आहे."

"तू नाई नेत. कागद नेते."

मी चडफडत उठले.

गावाच्या टोकाला शेवटचं घर होतं. तिथली सून खळं सारवत होती. माझ्याच वयाची असेल. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत शेणाचे. मी नाव विचारलं, तिनं सांगितलं. मुलं विचारली, तर मान हलवली, नाहीत. मग मी सुई काढली.

"मले नाई पायजे," ती म्हणाली.

"काय नाई पायजे? रक्त, का गोळी, का अंगठा?"

"काईच नाई."

"काऊन?"

तिनं शेणात पाणी ओतलं.

"अवं, काऊन ते त सांगशीन? मी काय खाऊन राह्यली तुले?"

"नाई म्हणजे नाई, बाई," एवढंच म्हणून ती पुन्हा सारवायला लागली. माझ्याकडे बघेचना. राग तर माझ्या नाकावरच बसलेला असतो. सकाळपासून पायपीट, पोटात कावळे, वर पाटलांचं ते ऐकून आलेली. ही एक अडाणी, हट्टी बाई आहे असं मी मनात ठरवून टाकलं आणि पाय आपटत निघाले. कारण नसलेलं 'नाही' म्हणजे मला आडमुठेपणाच वाटायचा. शिकले होते ना मी!

जीप दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती आणि माझ्याजवळ सदतीस कागद होते, सगळे चौकोन कोरे. शाळा सुटली होती. मी शाळेच्या ओट्यावर बसले. साहेबांचा चेहरा डोळ्यांपुढं आला, अकरा गावं आठवली. मनात म्हटलं, रक्त तर यांनी दिलंच आहे ना? म्हणजे मनातून होयच आहे. राहिली ती शाई. शाईपुरतं काय अडायचं, ती मी देते.

डबी उघडली आणि लावले. एकसारखे दिसू नयेत म्हणून कधी डावा अंगठा, कधी उजवा, कधी मधलं बोट, म्हाताऱ्यांच्या नावापुढं थोडा फिका, बाप्यांच्या नावापुढं दाबून. मला वाटतं मध्ये मध्ये मी गुणगुणतही होते. इतकं ते सोपं होतं.

सगळ्यात खाली तिचा कागद निघाला, खळं सारवणारीचा. एकच कागद रिकामा राहिला तर साहेब विचारणार, ही काऊन नाही? मला तरी कुठं माहीत होतं! 'गरोदर आहे का' यापुढं मी 'नाही' लिहिलं. रक्ताच्या काचेपुढं 'वाटेत फुटली' लिहिलं. आणि चौकोनात माझा अंगठा दाबला. मग नळावर जाऊन हात धुतले. नखांतली शाई मात्र चार दिवस गेली नाही. त्या रविवारी घरी गेले तेव्हा बाबांसमोर मूठ मिटून जेवले.

धान घरात आल्यावर जीप गोळ्या घेऊन त्या गावात गेली. दिवस थंडीचे होते, सकाळचं ऊन शाळेच्या आवारात पडलं होतं. पाटलांनी दवंडी देऊन लोक बोलावले होते, कारण साहेबांनी त्यांना सांगितलं होतं की तुमच्या सगळ्या गावानं कबूल केलंय, कागद आहेत. पाटलांनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्यांना वाटलं असेल, रक्त दिलं त्यालाच ही शहरातली माणसं कबूल म्हणत असतील. टेबल मांडलं, पाण्याचा माठ ठेवला. साहेब यादीतून नावं वाचत होते. मी माणसाच्या तळहातावर गोळ्या ठेवायच्या आणि त्यानं माझ्यासमोर गिळायच्या, असं काम. आठ-नऊ जणांनी गिळल्या. मग तिचं नाव आलं.

ती बायकांच्या रांगेतून पुढं आली. घाबरलेली नव्हती, गोंधळलेली होती. माझ्यासमोर उभी राहून हळूच म्हणाली, "बाई, मी त नाई म्हणलं होतं ना?"

मी बाटलीतून दोन गोळ्या काढून तिच्यापुढं धरल्या.

"माहं नाव तिथी कसं आलं? मी तुमाले दोनदा म्हणलं."

आणि मी काय बोलावं? मी म्हटलं, "दोन गोळ्याच त आहे. घेऊन टाक न." हे वाक्य आजही आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मागं रांग होती, बाजूला बाप्ये उभे होते. तिनं नुसता माझा हात धरला, गोळ्यांसकट, आणि पदराआडून आपल्या ओटीपोटावर ठेवला.

मी दाईकाम शिकलेली. हाताला कळायला वेळ लागत नाही. बेंबीखाली, लहानशा नारळाएवढं, टणक. चार महिने.

आमच्याकडे पाचवा महिना लागेपर्यंत बाई हे तोंडातून काढत नाही. नवऱ्याला माहीत असतं, पण तोही बोलत नाही. बोललं की नजर लागते, हातचं जातं, असं समजतात. मला हे माहीत नव्हतं का? माझ्या स्वतःच्या आईनं माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी असंच केलं होतं. या बाईची तर आधीची दोन पोटातच गेली होती, हे मला नंतर कळलं. कारण होतं हो तिच्याजवळ. सगळ्या गावात सगळ्यात मोठं कारण तिच्याजवळ होतं, फक्त ते तोंडानं सांगायचं नव्हतं. आणि ही गोळी गरोदर बाईला द्यायची नाही हे साहेबांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. म्हणून तर तो प्रश्न कागदावर होता. त्याच्यापुढचं 'नाही' माझ्या अक्षरातलं होतं.

"पुढं," साहेब म्हणाले. "काय झालं? गिळली का?"

मी हातातल्या गोळ्या टेबलावर ठेवल्या. "थांबा साहेब," मी म्हटलं. "कोणाला देऊ नका. हे अंगठे माझे आहेत."

"म्हणजे?"

"कागदावरचे. सगळे माझे आहेत. इथं कोणीच अंगठा दिला नाही. आणि हिनं तर नाही म्हटलं होतं."

साहेबांनी गठ्ठा उलगडून दोन-चार कागद बघितले. मला वाटलं आता मारतात. पण त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "एकही खरा नाही?"

"एकही नाही."

"आणि 'गरोदर नाही' हे?"

"तेही मीच लिहिलं."

ते खाली बसले, पोरांच्या बसकरपट्टीवर, पँटची पर्वा न करता. गोळ्यांच्या बाटलीला त्यांनी बूच लावून टाकलं. पाटील सगळं ऐकत होते. ते माझ्याजवळ आले, तरी आवाज चढवला नाही. "म्हणजे आमचं अख्खं गाव तू तुह्या एका अंगठ्यात बसवलं व्हय?"

ओरडले असते तर बरं झालं असतं. मी रडायला लागले, आणि रडण्याचाही राग आला. ती मात्र तिथून हलली नव्हती. पदर नीट करून तशीच माझ्या बाजूला उभी होती.

साहेबांनी त्याच दिवशी माझं नाव कापलं. बरोबरच केलं. ज्यांनी गोळ्या गिळल्या होत्या त्यांना ते स्वतः एक दिवसाआड बघायला येतील असं पाटलांना सांगितलं, आणि नंतर कळलं की खरंच येत होते. मला फाट्यावर उतरवताना म्हणाले, "त्या बाईनं हात धरला नसता तर?" जीप गेल्यावर एसटी येईस्तोवर मी त्या फाट्यावर दगडावर बसून होते.

घरी बाबांना सांगणं त्याहून अवघड होतं. मला वाटलं पाय ठेवू देणार नाहीत. बाबांनी ऐकून घेतलं. आधी माझे दोन्ही अंगठे हातात धरून बघितले, लहानपणी काटा काढताना बघायचे तसे. मग म्हणाले, "तो कागद आहे का तुह्याजवळ? कोरा?"

एक होता पिशवीत. त्यांनी चष्मा लावला. बाबांचं वाचन म्हणजे बोट फिरवत एकेक अक्षर. मी चुलीपाशी बसून शिव्यांची वाट बघत होते.

"सहभागी होत आहे," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "बरं. आन होत नसन त? त्यानं अंगठा कुठी द्याचा?"

"नसन होत त देत नाई बाबा. अंगठा दिला नाई म्हणजे नाईच."

"मंग त्याचं नाई कुठी राह्यलं?"

मी उठून त्यांच्या खांद्यावरून कागद बघितला.

"सांग न. कागदावर होयले घर आहे, चौकोन काढून देलेलं. नाईले? नाई राह्यलं तुह्या डोक्यात. आन तुह्या डोक्यानं काय केलं ते पाह्यलं आपण." त्यांनी कागद माझ्यापुढं टाकला. "त्या पोरीनं तुले दोनदा सांगितलं. तिचं सांगणं ठेवाले कागदावर बोटभर जागा नव्हती. तू चोरी केली हे त खरंच आहे, त्याले मी काई म्हणत नाई. पण चोरी व्हाले दार उघडं होतं."

दोन दिवस ते माझ्याशी मोजकंच बोलले. तिसऱ्या दिवशी पाळीवरून आले आणि म्हणाले, पाटी नको, वही घे. आम्ही दोघांनी मिळून तो कागद पुन्हा लिहिला. बाबा सांगायचे, मी लिहायची, आणि शेजारची म्हातारी भाजी निवडत ऐकायची. तिला कळलं नाही की वाक्य खोडायचं. 'सदर संशोधन' पहिल्याच झटक्यात गेलं. उरलं ते असं होतं: ही गोळी नवी आहे. तिनं ताप थांबतो का ते आम्हाला अजून माहीत नाही, म्हणून बघत आहोत. त्रासही होऊ शकतो. घ्यायची असेल तर घ्या, मध्येच सोडावीशी वाटली तर सोडा. नको असेल तर नाही म्हणा. कारण सांगायची गरज नाही. नाही म्हटलं म्हणून ताप आल्यावर औषध बंद होणार नाही. आणि खाली दोन चौकोन, एक होयचा, एक नाहीचा. 'दोनी सारखेच काढ,' बाबा म्हणाले, 'नाईचा लहान काढू नोको.' हा कागद आणि एक माफीची चिठ्ठी मी साहेबांना पाठवली. चिठ्ठीवर माझी सही आणि खाली बाबांची, कोणी मागितली नव्हती तरी.

उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. उत्तर आलंही नाही, जीपच आली. खाणीच्या चाळीत सगळी पोरं तिच्याभोवती जमली. साहेब आमच्या बाजेवर बसून चहा प्यायले. म्हणाले, "मी इतकी वर्षं हे कागद भरून घेतोय. एकाही गावातून कधी एक 'नाही' आलं नाही. आणि त्याचं मला कधी नवल वाटलं नाही. माझंही चुकलंच." मग बाबांकडे बघून म्हणाले, "तुमचा कागद आम्ही छापून घेतला. आता तो त्या गावात वाचून कोण दाखवणार?"

"तुमी कामावरून काढली न हिले?" बाबा म्हणाले.

"काढली, आणि परत घेत नाही. पण बिघडवलं हिनं, तर नीट करायलाही हिनंच यावं."

मला तर ओशाळवाणं झालं होतं, पण बाबांनी माझी पिशवी आधीच खुंटीवरून काढली होती.

गावात शिरताना माझी पाचावर धारण बसली होती. पाटलांनी गाव जमवलं. मी आधी माझं सांगितलं, काय केलं, कसं केलं, मधलं बोटसुद्धा सांगितलं. एक म्हातारी फिसकन हसली, "माह्या नावानं कोनतं बोट लावलं वं?" आणि मग सगळेच हसले. त्या हसण्यानं मला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. जुने सदतीस कागद साहेबांनी सगळ्यांसमोर फाडले आणि शेकोटीत टाकले. नवा कागद मी वाचून दाखवला. पाटील म्हणाले, "कागद एक आमच्याकडं राह्यला पायजे. आन बायकायले येगळं इचार, बाप्यांसमोर नोको." दोन्ही मान्य झालं. मी पुन्हा घरोघर निघाले.

तिला विचारायची तशी गरज नव्हती. ती गरोदर आहे हे आता साहेबांना माहीत होतं, गोळी तिला मिळणारच नव्हती. मी तसं म्हटलंही. तर साहेब म्हणाले, "तिलाही विचार. तिचं 'नाही' मागच्या वेळी आपण खाल्लं."

म्हणून सगळ्यात आधी तिच्याच घरी गेले. ती दारात तांदूळ पाखडत होती. पोट आता दिसत होतं. मला बघून सूप खाली ठेवलं आणि पाट दिला. मी कागद सगळा वाचला, एक वाक्य न गाळता.

"नाई," ती म्हणाली. मग थोडी हसली. "आता पाचवा लागला, बाई. आता सांगते तुमाले, काऊन नाई ते."

"नोको सांगू," मी म्हटलं. "कागदात लिहिलं आहे. सांगाची गरज नाई."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. "हे नाईचं घर कोनतं?"

मी दाखवलं. ती उठली, हात धुऊन आली, शाईच्या डबीत आपला अंगठा स्वतः बुडवला. मी तिचा हात धरला नाही. तिनं अगदी मन लावून, पीठ थापल्यासारखा, चौकोनाच्या मधोमध तो दाबला. त्या गावानं कित्येक वर्षांत कागदावर दिलेला तो पहिला अंगठा, आणि तो 'नाही'वर होता. संध्याकाळपर्यंत बरेच आले. होयचेही आले, नाहीचेही आले. पाटलांनी 'होय' दिला आणि वर म्हणाले, "उद्या मन बदललं त सांगन मी." सांगा म्हटलं.

उन्हाळ्यात माझी सरकारी ऑर्डर आली, आणि नशीब बघा, उपकेंद्र मिळालं ते त्याच भागात. मृग लागायच्या आधी, भर उकाड्यात, तिचा नवरा सायकलवर मला घ्यायला आला. सागवानातून डबलसीट, माझी पेटी माझ्या मांडीवर. मी मनातल्या मनात सारखी एकच गोष्ट घोकत होते, की त्या दिवशी तिनं हात धरला होता. सकाळी पोचलो, दुपारी मुलगी झाली. पहिल्यांदा रडलीच नाही. मी तिला उलटी धरली, पाठ चोळली, तोंडातलं पुसलं, आणि मग अशी रडली, अशी रडली की बाहेर बसलेले पाटील ओरडले, "आली का वं?" माझा जीव भांड्यात पडला. मी पण रडले. या खेपेला राग आला नाही.

पाचव्या दिवशी बाळंतिणीला बघायला गेले. मुलीला न्हाऊ-माखू घालून कापडात गुंडाळून ठेवली होती. बाळंतिणीनं दिव्यावर धरलेलं काजळ एका वाटीत काढून ठेवलं होतं. तीट लावायची होती. मी म्हटलं, लाव ना, कशासाठी थांबली?

"तुह्यासाठीच थांबली," ती म्हणाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला 'तू' म्हणाली. तिनं वाटी माझ्यापुढं केली. मी सवयीनं करंगळी बुडवायला गेले, तर तिनं माझा हात धरला.

"ते नाई," ती म्हणाली. "अंगठा."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती हसत नव्हती, रागावलेलीही नव्हती. मुलीला तिनं माझ्या मांडीवर दिलं.

मग मी तिला विचारलं, "लावू न?"

"होय," ती म्हणाली.

आणि मी लावला.